इंजिन काम झालं, तरी गाडी स्लोला थांबेना: अंदाजाने पार्ट बदलू नका, क्रमाने शोधा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गॅरेज धंद्यातल्या एका महागड्या प्रश्नावर बोललो. व्हिडिओत आकडे भराभर येतात, म्हणून सगळं इथे सविस्तर लिहितोय. ज्यांना गॅरेज टाकायचंय त्यांनी वही घेऊन वाचा. ज्यांच्या धंद्याची स्वतःची गाडी आहे त्यांनीही वाचा, मेकॅनिकशी नीट बोलता येईल.

प्रश्न असा. गाडीचं फुल इंजिन काम झालं. बोअर, पिस्टन, रिंग, हेड, वाल्व, पॅकिंग सगळं नवीन. सेल्फ मारला, गाडी चालू झाली. पण स्लोला थरथरते, मिसिंग मारते आणि पाय काढला की बंद पडते. गिऱ्हाईक समोर उभं आहे, बिल मोठं आहे. अशा वेळी गॅरेजमधून एक वाक्य हमखास येतं, "नवीन इंजिन आहे, चालू चालू सेट होईल."

हे वाक्य कधी खरं असतं आणि कधी खोटं, हे ज्याला कळतं त्याचं गॅरेज टिकतं.

## आधी पणाला काय लागलंय ते बघा

माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, म्हणून हे मला काउंटरवरून दिसतं. इंजिन काम झालेल्या गाडीसाठी माणूस सोमवारी प्लग नेतो, मंगळवारी कॉइल आणि गुरुवारी सेन्सर. इलेक्ट्रिक पार्ट एकदा बसवला की सहसा परत घेतला जात नाही. म्हणजे अंदाज चुकला की पैसे गेले. ते गिऱ्हाईकाकडून घेतले तर गिऱ्हाईक जातं, स्वतः भरले तर मजुरी जाते.

दुसरी गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, नंतर ब्रेकही दगडासारखा लागतो. लातूर-बार्शी रोडवर उसाच्या सीझनमध्ये दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोर असताना असं झालं तर काय होईल, हे मुरुडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून पहिला नियम पाठ करा: बंद पडणारी गाडी "सेट होईल" म्हणून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची नाही.

मग "सेट होतं" हे खरं कधी? नवीन रिंग आणि बोअर घासून बसेपर्यंत इंजिन थोडं जड फिरतं, ॲव्हरेज थोडं कमी मिळतं, कॉम्प्रेशन थोडं कमी दाखवतं. हे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सुधारतं. पण एका सिलिंडरचं मिसिंग, गरम झाल्यावर बंद पडणं किंवा वर-खाली होणारी रेस, यातलं काहीही चालवून सेट होत नाही. त्याला कारण असतं आणि ते शोधावंच लागतं.

आणखी एक चूक नेहमी दिसते. "पिस्टन बसू दे" म्हणून गाडी तासन्‌तास स्लोला चालू ठेवतात. रिंग बसायला इंजिनवर कमी-जास्त लोड लागतो. नुसतं स्लोला ठेवल्याने बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंग बसत नाही आणि ऑइल खायला लागते.

## स्लोलाच त्रास का होतो?

हे समजलं की अर्धं काम झालं. स्लोला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि इंजिन अगदी थोडी हवा घेतं. अशात एखादा पाइप हवा ओढत असेल, तर ती चोरटी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा होते. रेस दिली की खरी हवा खूप वाढते, चोरटी तेवढीच राहते आणि गाडी नीट वाटते.

वाल्व गळत असेल तर तेच. ८५० आरपीएमला पिस्टनला खालून वर यायला साधारण ३५ मिलिसेकंद लागतात. ३००० ला फक्त १०. स्लोला दाब गळायला साडेतीन पट वेळ मिळतो. म्हणून "रेस दिली की ठीक चालते" याचा अर्थ दोष किरकोळ आहे असा घेऊ नका. तो फक्त लपलेला असतो.

## पायरी १: पाना उचलण्याआधी चार प्रश्न

१. हा त्रास इंजिन कामाआधी होता का? नसेल, तर ज्याला हात लागला तिथूनच सुरुवात करा.
२. गार असताना होतो, गरम झाल्यावर, की दोन्ही वेळा?
३. फक्त स्लोला, की पळतानाही?
४. एसी लावल्यावर, ब्रेक दाबल्यावर, स्टिअरिंग वळवल्यावर वाढतो का?

ब्रेक दाबला की रेस बदलत असेल तर बूस्टर किंवा त्याचा पाइप बघा. एसी लावला की बंद पडत असेल तर आयडल कंट्रोलकडे संशय जातो. उत्तरं जॉब कार्डवर लिहा, डोक्यात ठेवू नका.

## पायरी २: पंधरा मिनिटं, खर्च शून्य

इंजिन उतरवताना आणि बांधताना शेकडो जोड निघतात. त्यातला एक राहून जाणं हे सगळ्यात साधं कारण आहे, आणि सगळे ते शेवटी बघतात. इंजिन बंद ठेवून हाताने चाचपा:

- ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्हीचा पाइप, कॅनिस्टरचा पाइप आणि असला तर मॅप सेन्सरचा बारीक पाइप. जुनं रबर काढताना तडकतं, वरून दिसत नाही.
- एअर फिल्टर ते थ्रॉटल बॉडीच्या पाइपाची क्लिप.
- इंजेक्टरचे कपलर. एकसारखे दिसतात, म्हणून अदलाबदल होते. गाडी चालू होते, पण स्लोला रडते.
- अर्थिंगची वायर, गिअरबॉक्स ते बॉडी. तिच्याखाली रंग किंवा गंज असेल तर सेन्सर खोटं बोलतात.
- ऑइल फिलरचं झाकण आणि डिपस्टिक. काही इंजिनांत ती नीट न बसल्यानेही हवा ओढली जाते.

पेट्रोलही बघा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्या भागातला ऊस त्याला हातभार लावतो. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. गाडी दोन-तीन महिने गॅरेजात उघडी पडली असेल, तर टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी साफ करा. आधी कॉइल विकत घेऊ नका.

## पायरी ३: एक सिलिंडर की सगळे?

सगळ्या तपासणीतला सगळ्यात मोठा प्रश्न हाच. गाडी स्लोला ठेवा आणि एकेका इंजेक्टरचा कपलर काढून परत लावा. काढल्यावर रेस पडली तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी आहे.

प्लगची वायर चालू गाडीत ओढून हवेत ठिणगी उडवू नका. झटका बसतो, ईसीएम जळू शकतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. इंजेक्टरचा कपलर काढला की पेट्रोलच बंद होतं, म्हणून ही पद्धत बरी.

आपल्याकडे मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन अजूनही खूप ठिकाणी बांधलं जातं. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. तीन सिलिंडरमध्ये एक मेला की ताकदीचा तिसरा हिस्सा जातो, म्हणून थरथर लगेच कळते. फायरिंग ऑर्डर १-३-२. डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत वायरी चुकल्या का, हे आधी बघा. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला इंजेक्टर नाही. तिथे गाडी बंद करून एका प्लगची वायर काढा, तिच्या टोकाला जादा प्लग लावून तो इंजिनला टेकवा, मग गाडी चालू करा. ठिणगीला जमीन मिळते आणि हाताला झटका बसत नाही.

एकच सिलिंडर आळशी असेल तर नवीन पार्ट आणू नका, अदलाबदल करा. त्याचा प्लग शेजारच्याला, शेजारचा त्याला. मग कॉइल. मग इंजेक्टर. पार्टबरोबर दोष शेजारी गेला तर तो पार्ट खराब. दोष जागेवरच राहिला तर विषय आतला आहे. पायरी ५ वर जा.

सगळे सारखेच असतील तर कारण सामायिक आहे: हवेची गळती, टायमिंग, पेट्रोलचा दाब, आयडल कंट्रोल किंवा सेन्सर. पायरी ४.

## पायरी ४: हवा आणि आकडे

स्कॅनर नसेल तर सलूनमध्ये असतो तसा पाण्याचा स्प्रे घ्या. स्लोला इनटेकच्या पॅकिंगवर आणि पाइपांच्या जोडांवर बारीक फवारा मारा. जिथे पाणी पडल्यावर रेस बदलते तिथे हवा ओढते. वायरिंग आणि कॉइल सोडून फवारा. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते करू नका, गाडी पेटते.

स्कॅनर असेल तर मॅप सेन्सरचा आकडा बघा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो असतो. गरम इंजिन, एसी बंद, स्लोला साधारण २८ ते ४० किलोपास्कल दिसायला हवं. ५० च्या वर असेल तर इंजिन नीट ओढत नाही: हवा गळतेय, टायमिंग चुकलंय किंवा वाल्व गळतोय.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. मॅपवाल्या गाडीत गळतीची हवासुद्धा सेन्सर मोजतो आणि ईसीएम तिला पेट्रोल देतो. म्हणून लीन मिक्श्चरचा कोड न येता रेस नुसती वाढू शकते किंवा वर-खाली होते. कोड नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. गळती एकाच सिलिंडरच्या पाइपाजवळ असेल, तर तो एकटा मिसिंग मारतो.

आणि आपली उंची विसरू नका. लातूरचा पठारी भाग समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर आहे. इथे हवेचा दाब १०१ नाही, सुमारे ९४ किलोपास्कल असतो. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना मॅप ९४ च्या आसपास दाखवत असेल तर सेन्सर ठीक आहे. व्हॅक्यूम गेज वापरत असाल, तर पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा असतो. आपल्याकडे त्यातून सुमारे दोन इंच वजा करा. हे न कळल्यामुळे चांगले सेन्सर बदलले जातात.

बॅटरी काढली होती किंवा थ्रॉटल बॉडी साफ केली, तर ईसीएम आयडलचं शिकलेलं विसरतो. काही गाड्या गरम होऊन दोन-चार वेळा बंद-चालू केल्यावर आपोआप शिकतात, काहींना स्कॅनरने शिकवावं लागतं. त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे हे करून मगच पुढे जा.

## पायरी ५: कॉम्प्रेशन, म्हणजे आतली खरी बातमी

बॅटरी फुल चार्ज. इंजिन गरम. सगळे प्लग बाहेर. इग्निशन आणि पेट्रोल बंद. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा ठोके. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा रद्दीत टाका.

एकूण आकड्यापेक्षा आपसातला फरक महत्त्वाचा. १०–१५ टक्क्यांच्या वर फरक असेल तर विषय गंभीर. मॅन्युअलमध्ये १७० पीएसआय लिहिलं असेल, तर आपल्या उंचीवर १५८ च्या आसपास आला तरी इंजिन निरोगी आहे.

उदाहरण घेऊ. समजा तीन सिलिंडरची गाडी, गार असताना ठीक, गरम झाली की चौकात बंद. आकडे आले १५०, १४८ आणि ९५. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं: १००. ऑइलने आकडा चांगला वाढला असता तर दोष रिंगचा. इथे वाढला नाही, म्हणजे दोष वरचा आहे, वाल्व किंवा हेड पॅकिंग. शेजारच्या दुसऱ्याचा आकडा चांगला आहे, म्हणून त्या दोघांमधलं पॅकिंग उडालेलं नाही. राहिला वाल्व. टॅपेट उघडून फिलर गेज घातला तर पानच जात नाही, गॅप शून्य. गॅप मॅन्युअलप्रमाणे केला आणि आकडा १४६ वर आला.

असं का झालं? वाल्व ग्राइंड केला आणि सीट कापली की वाल्व हेडमध्ये थोडा आत बसतो, त्याची दांडी वर येते आणि गॅप कमी होतो. गरम झाल्यावर दांडी लांबते आणि वाल्व पूर्ण मिटत नाही. असंच चालवलं असतं तर वाल्व जळला असता आणि हेड परत उतरलं असतं. दोष सापडला एका फिलर गेजने. त्याच गाडीला कॉइल, प्लग आणि सेन्सर घातले असते तरी ती बंद पडतच राहिली असती. स्क्रूवाले टॅपेट असतील तर १००० किलोमीटरला गॅप परत तपासा.

सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी आणि मॅपही जास्त असेल, तर टायमिंग बेल्ट एक दात इकडे-तिकडे बसलाय का बघा. मार्क जुळवल्यावर क्रँक हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवा आणि मार्क परत बघा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. दोन फेऱ्यांनंतर मार्क जुळले तरच बेल्ट बसला. मध्येच अडकलं तर जोर लावू नका, वाल्व पिस्टनला लागत असेल.

हवेचा कॉम्प्रेसर असेल तर आणखी सोपं. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही वाल्व बंद, प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि ऐका. थ्रॉटलमधून आवाज म्हणजे इनटेक वाल्व. सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट वाल्व. ऑइल फिलरमधून म्हणजे रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड पॅकिंग.

## तीन ठिकाणी तपास थांबवा, इंजिन बंद करा

- ऑइलचा लाल दिवा स्लोला लुकलुकतोय.
- पांढरा धूर येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय.
- खालून ठोक-ठोक आवाज येतोय.

इथे एक मिनिटही जास्त चालवलं तर नवीन क्रँक किंवा हेड भंगारात जातं.

## आता धंद्याचं बोलू

पहिलं, रिवर्कची वेगळी नोंद ठेवा. परत आलेल्या गाडीचं जुनं जॉब कार्ड काढा, खाली लाल पेनने कारण लिहा. वर्षभराने तुम्हाला दिसेल की कुठली चूक सारखी होतेय, पाइपाची, टॅपेटची की लेथच्या कामाची. हे कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकवतं.

दुसरं, मशीनशॉपकडून मापं लिहून घ्या. बोअर किती, पिस्टनचा गॅप किती, हेड किती फेसिंग केलं. तोंडी बोलण्यावर भांडण होतं, कागदावर बोलणं होतं.

तिसरं, तपासणीची मजुरी लावा. आपल्याकडे "नुसतं बघायचे कसले पैसे?" म्हणतात. पण दीड तास खर्चून तुम्ही गिऱ्हाईकाचे चुकीचे पार्ट वाचवता. दर बोर्डावर लिहा. दुरुस्ती तुमच्याकडेच केली तर तो बिलात वळता करा. स्वतःच्या इंजिन कामाच्या तक्रारीला मात्र तपासणी फुकट, हेही त्याच बोर्डावर लिहा.

चौथं, इंजिन कामाच्या किमतीत परत येण्याचा वेळ धरा. समजा वर्षाला २० इंजिन करता आणि त्यातली ३ परत येतात. प्रत्येकी अर्धा दिवस म्हणजे दीड दिवस गेला. हा दीड दिवस २० गाड्यांच्या मजुरीत वाटून आधीच धरला असेल, तर गाडी परत आल्यावर तुमचं तोंड वाकडं होत नाही. आणि ते वाकडं झालं नाही म्हणून गिऱ्हाईक टिकतं.

पाचवं, गाडी देताना कागद द्या. पहिले १००० किलोमीटर कसं चालवायचं, ऑइल कधी बदलायचं, टॅपेट तपासायला कुठल्या किलोमीटरला यायचं, वॉरंटीत काय आहे आणि काय नाही. मराठीत, मोठ्या अक्षरात.

## या आठवड्याचं काम

वरच्या पाच पायऱ्या एका पानावर लिहून काढा आणि लॅमिनेट करून भिंतीवर लावा. गॅरेज अजून सुरू केलं नसेल, तर ओळखीच्या मेकॅनिककडे दोन दिवस बसा आणि परत आलेल्या गाडीवर तो पहिला हात कशाला लावतो ते बघा. पाइपाला लावतो की फोनला, पार्ट मागवायला? त्यावरून तुम्हाला कळेल की त्याचा नफा कुठे जातोय.

पुढच्या भागात गॅरेजसाठी पहिली हत्यारं कोणती घ्यायची ते बघू. कॉम्प्रेशन गेज, फिलर गेज आणि साधा स्कॅनर यांचा क्रम का असा लावायचा, हिशोबासकट. तोपर्यंत प्रश्न असतील तर व्हिडिओखाली लिहा; गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चार प्रश्नांची उत्तरं मात्र सोबत द्या, नाहीतर मीही अंदाजच सांगेन.